हात सैल सोडा

"भाऊजी, हात सैल सोडा," माय म्हणली. "अंग आखडून धरलं की काहीच बसत नसतं."

हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. आम्ही कासार. बाजारात मायपुढं बाई येऊन बसते, हात पुढं करते. माय आधी तो हात दाबून बघते, बोटं गोळा करते, अंगठ्याखालचं हाड चाचपते आणि म्हणते, हात सैल सोडा. मग बांगडी कधी चढली ते त्या बाईलाबी कळत नाही.

पण त्या दिवशी समोर बाई नव्हती, माझा चुलता होता, गंगाकाका. आणि त्याच्या हातात होतं पिस्तूल.

नांदेडच्या एका गल्लीतलं दुकान होतं ते. बाहेरून बघितलं तर पंपाचं सामान विकत असतील असं वाटावं. आत लोखंडी जाळी, जाळीमागं काचेचं कपाट, आणि कपाटामागं एक म्हातारे सरदारजी, पांढरी दाढी, डोळ्यावर जाड चष्मा. त्यांनी मायचं लायसन दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून आमच्या तिघांकडं बघितलं.

"कौशल्याबाई कोण?"

"मी," माय म्हणली.

"मग हात यांचा का बघायला लागलो मी?" त्यांनी काकाच्या पुढं आलेल्या हाताकडं बोट केलं.

काका हसला. "सरदारजी, बाईमाणूस हाय. तिला काय कळतंय ह्यातलं. तुम्ही मला दाखवा."

मी तेव्हा सोळा वर्षांची. नाव शिवकांता, घरात शिवी म्हणतात, आणि तोंडबी तसंच हाय. नववीत एका मास्तरानं बाबाबद्दल वाकडं बोललं म्हणून त्याच्या अंगावर डस्टर फेकलं आणि शाळेला रामराम ठोकला. तर मी म्हणलं, "काका, लायसन मायच्या नावावर आणि माप तुझं?"

"ए, बांगड्या विकायची अक्कल इथं नको लावू."

"मग तू तरी कशाला लावायलास? तुला मिळत नाही लायसन, म्हणून—"

मायनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. "गप," म्हणली. एवढंच.

मी म्हणले ते खोटं नव्हतं. काकावर हाणामारीची केस चालू होती, म्हणून त्याला लायसन मिळत नव्हतं. मायला मिळालं, त्याचं कारण माझा बाप.

गोदावरीतून वाळू उपसून उपसून आमच्या गावच्या घाटाजवळ खड्डे पडले होते. एका खड्ड्यात शेजारची दोन पोरं बुडाली. बाबा बांगड्यांची पेटी सायकलला बांधून नदीकाठच्या गावांनी हिंडायचा, त्यानं टिप्पर बघितले होते, नंबर बघितले होते. तहसीलला जाऊन त्यानं जबाब दिला. पुढल्याच आठवड्यात दिवेलागणीला त्याला फोन आला, तो उठून घाटाकडं गेला आणि टिप्परखाली सापडला. पोलीस म्हणले अपघात. फोन सापडलाच नाही.

माय मागं हटली नाही. कोर्टात जबाब द्यायचा म्हणून बसली. तारीख जवळ आली तसं एका सकाळी आमच्या दारात कुणीतरी पोतंभर फुटक्या बांगड्या ओतून गेलं. हिरव्या, लाल, चमकीच्या, सगळा चुरा. कासाराच्या दारात त्याचा अर्थ सांगायला लागत नाही. काकाच मग पुढं झाला. "वहिनी, अर्ज करा. तुमच्या जिवाला धोका हाय, तुम्हाला मिळतंय. मी बघतो सगळं." आणि त्यानं बघितलं. ह्याला भेट, त्याला भेट. बांगड्यांचा धंदा सोडून तो वाळूत शिरलेला माणूस, त्याच्या सगळीकडं ओळखी. सगळं गाव म्हणायचं, दीर असावा तर असा.

मला तेवढं कळत होतं की तारखेपर्यंत माय जगली पाहिजे. आणि त्यासाठी जे हत्यार घ्यायला आलोय ते तिच्या हाताला बसलं पाहिजे. बाकी मला काही कळत नव्हतं.

सरदारजींनी काकाचं ऐकलं नाही. त्यांनी काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं आणि तीन हत्यारं मांडली. "बाई, आधी तुम्ही. उजवा हात बताओ."

मायनं हात पुढं केला. सरदारजींनी तो धरला नाही, नुसता बघितला. पण कसा बघितला! अगदी माय बघते तसा. तळव्याची रुंदी, बोटाची लांबी, मनगट.

"छोटा हात. पण पंजात ताकद आहे. काम काय करता?"

"बांगड्या भरते."

"हां." ते खुश झाले. "मग तुम्हाला सांगायला नको. बांगडी दुकानात छान दिसती म्हणून घेत नाहीत. हे पण तसंच. लोक येतात, मोठं द्या म्हणतात, चमकणारं द्या म्हणतात. मग ते जड होतं, टोचतं, घरी कपाटात पडून राहतं. आणि ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी कपाटात असतं. जे अंगावर राहतं, लपतं, आणि बोट सरळ घोड्यावर जातं, तेच तुमचं."

त्यांनी तिसरं उचललं. छोटं रिव्हॉल्वर, काळं, बिनचमकीचं. रिकामं करून, फिरवून दाखवलं आणि मायच्या हातात दिलं.

मी बघत होते. ते मायच्या हातात जाऊन बसलं. दुसरा शब्दच नाही. जणू त्या मुठीवरच कुणी ओतलं असावं. बोट न ताणता पोचलं. मायनं पदर बाजूला केला, कनवटीला, जिथं ती सुट्टे पैसे आणि तंबाखूची डबी ठेवते तिथं, ते खोचलं. पदर सोडला. काही दिसलं नाही. ती बाकावर बसली, उठली, वाकली. काहीच नाही.

"वा," सरदारजी म्हणले. "हे तुमचं."

माय उठली तरी तिचा हात पदराखालीच होता. जरा जास्तच वेळ. माझ्याशिवाय ते कुणी बघितलं नसंल. मग तिनं ते काढलं आणि फडक्यावर ठेवलं, आवाज होऊ न देता.

"नको," म्हणली. "हलकं वाटतं. भाऊजी, तुम्ही बघा बरं ते मोठं."

मी ओरडलेच. "माय! बसलं की तुला!"

"तुला विचारलं का कुणी?"

काकाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं मोठं पिस्तूल उचललं. शर्ट वर करून पोटाशी खोचलं, तर पोट आडवं आलं. खाली बसला तर 'आयायाय' करून उठला. मग मागं कमरेला खोचलं, आरशाकडं पाठ करून मान वळवून बघायला लागला, नव्या नवरीनं अंबाडा बघावा तसा. शर्टाला मागं हे एवढं टेंगूळ.

"दिसायलंय," मी म्हणलं. "लांबून दिसायलंय. लपवायचं असतं म्हणले ना ते."

"दिसलं तर दिसू दे. मी काय बांगड्या भरल्यात का हातात लपवाय?"

सरदारजी चष्मा पुसत बसले.

आणि मग मायनं ते केलं जे मला त्या दिवशी कळलंच नाही. ती काकाच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि गिऱ्हाइकाचं बघते तसं बघायला लागली. "भाऊजी, असं नाही. उजव्या अंगाला घ्या जरा. हां. आता बसा. उठा. हात खाली घ्या. हात सैल सोडा. अंग आखडून धरलं की काहीच बसत नसतं." तिनं त्याचा शर्ट ओढून सारखा केला. मोठ्या मापाचा शर्ट घाला म्हणली, म्हणजे दिसणार नाही. पुन्हा पिस्तूल हातात घ्यायला लावलं, मुठीत कसं बसतं, बोट कुठं पोचतं, अंगठा कुठं राहतो. काका लहान पोरासारखा ऐकायला लागला. त्याला इतकं खुश मी त्याच्या लग्नातबी बघितलं नव्हतं.

"हेच," माय म्हणली. "हे अगदी बसलं."

सरदारजी लिहायला बसले, पण लिहिताना थांबले. "बाई, पुन्हा सांगतो. लायसन तुमचं. हत्यार तुमच्याजवळ राहिलं पाहिजे. दुसऱ्याच्या अंगावर सापडलं तर—"

"मला माहीत हाय," माय म्हणली. "सगळं वाचून घेतलंय मी एका वकिलाकडून."

काका आरशातच होता. त्यानं हे ऐकलं नाही.

काकाच्या बोलेरोत मी मागं बसले, तोंड फुगवून. माय माझ्याशेजारी, पिस्तुलाचा डबा मांडीवर. नांदेड सोडून गाडी हायवेला लागली तसं काकानं मागं हात केला. "द्या वहिनी इकडं."

"माझं हाय ते, भाऊजी," माय म्हणली. मोठ्यानं. एवढ्या मोठ्यानं की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "माझ्या नावावर हाय. माझ्यापाशीच राहू द्या."

काका हसला. वळून त्यानं डबा तिच्या मांडीवरून उचलला, गोळ्यांची पेटीबी उचलली. "तुम्ही काय करता त्याचं? पापड लाटता?" ड्रायव्हर ठसका लागेपर्यंत हसला.

मायनं डबा धरून ठेवला नाही. माझ्याकडं वळून म्हणली, "शिवे, मी काय म्हणले ते ऐकलंस का गं?"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

"काय म्हणले?"

मला एवढा राग आला की वाटलं गाडीतून उडी मारावी. "माझं हाय, माझ्यापाशी राहू द्या म्हणलीस. आणि त्यानं घेतलं. आणि तू बसून राहिलीस! आता तारखेपर्यंत कोण येईल तुला वाचवाय? हा? हा तर बायकोला भिऊन ढाब्यावर झोपतो!"

काका म्हणला, "वहिनी, पोरगी लई तोंडाळ झालीय. उजवा हिला." आणि गोळ्या भरायला लागला.

नदीच्या अलीकडं, घाटावर, त्याचा वाळू साठवायचा ठेपा होता. टिप्पर उभे, टपरी, त्याची सात-आठ पोरं पत्ते कुटत बसलेली. काका उतरला तो कमरेवर हात ठेवूनच. पोरं भोवती जमली. "दादा, आणलं?" "बघू दादा, बघू." तो मागं हात घालून काढायचा, परत खोचायचा, परत काढायचा. नंतर तो नदीकडं तोंड करून उभा राहिला आणि एक गोळी पाण्यात झाडली. बगळे उडाले. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

माय गाडीतून हे सगळं बघत होती. आवाज झाला तसं तिनं डोळे मिटले, उघडले.

"चल," म्हणली. "लघवीला जायचंय."

आम्ही टपरीच्या मागून रस्त्यावर आलो. पण ती थांबलीच नाही. समोरून एक टमटम आली, तिनं हात केला आणि म्हणली, "ठाण्याला सोडा, जी."

टमटममध्ये मी विचारलं, काय चाललंय काय. ती पिशवीतून लायसन आणि दुकानची पावती काढून सारखी करत होती. माझ्याकडं न बघताच म्हणली, "तुझा बाप कुणाला अरेतुरे करायचा गं?"

"कुणाला नाही."

हे खरं होतं. धंद्याची सवय. बाबा शेंबड्या पोरालाबी 'या मालक' म्हणायचा. मिशी न फुटलेल्या कंडक्टरला 'अहो साहेब'. कुत्र्याला हाकलताना 'जा जी' म्हणायचा म्हणून सगळा बाजार हसायचा.

"एकाला करायचा," माय म्हणली. "ज्याला खांद्यावर घेऊन मोठा केला त्याला. धाकट्याला." टमटम खड्ड्यातून गेली, ती जरा थांबली. "त्या दिवशी फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. फोनवर तुझा बाप म्हणला, 'आलो रे'. आणि चप्पल घालून गेला."

मी टमटमची दांडी दोन्ही हातानं धरली.

"पोलिसाला सांगितलं मी तेव्हा," ती म्हणली. "तो म्हणला, बाई, 'रे'ला पुरावा म्हणत नाहीत."

ठाण्यात नवीन फौजदार आले होते, खिल्लारे म्हणून. लातूरकडचे, आमच्या भागात कुणाला ओळखत नव्हते. आता मला कळतं, लायसन हातात येऊन पडलं तरी माय दुकानाला जायची तारीख पुढं पुढं का ढकलत होती. जुन्या फौजदाराची बदली व्हायची ती वाट बघत होती.

मायनं कागद टेबलावर ठेवले. "माझं पिस्तूल आज घेतलं. माझ्या दिरानं माझ्याकडून काढून नेलंय. भरलेलं हाय. आत्ता त्याच्या अंगावर हाय, घाटावर. एक गोळी झाडलीय त्यानं. त्याच्यावर आधीची केस हाय."

फौजदारानं कागद बघितले. "काढून नेलं, की तुम्ही दिलं?"

"काढून नेलं."

"बघा बाई, घरातली भांडणं इथं आणता, उद्या येऊन म्हणता मीच दिलं होतं." मग माझ्याकडं वळले. "तू होतीस गाडीत?"

"होते."

"खरं सांग. आई काय म्हणली?"

मला खोटं बोलता येत नाही. मायला ते माहीत होतं. खोटं बोलले की माझे कान लाल होतात, लहानपणापासून. म्हणून तर तिनं माझ्यासाठी खरं तयार करून ठेवलं होतं. गाडीत, मोठ्यानं, माझ्याकडून घोकून घेऊन.

"ती म्हणली, माझं हाय ते भाऊजी, माझ्या नावावर हाय, माझ्यापाशीच राहू द्या," मी म्हणलं. "आणि काकानं तिच्या मांडीवरून उचललं. ड्रायव्हरनंबी ऐकलंय."

फौजदारानं माझ्या तोंडाकडं बघितलं, कानाकडं बघितलं का माहीत नाही. टोपी उचलली.

पुढं काय काय झालं ते आधीच सांगते, कारण मला शेवट घाटावरच करायचाय. काका आत गेला, काही महिन्यांनी जामिनावर सुटला, ती केस अजून चालू हाय. बाबाच्या केसमध्ये मायनं जबाब दिला, 'रे' सकट. समोरच्या वकिलानं तिला हसून दाखवलं. टिप्परचा ड्रायव्हर म्हणला अंधार होता. कागदावर अजूनबी अपघातच हाय. पिस्तूल मुद्देमाल म्हणून जमा झालं, मायचं लायसन गेलं. आम्ही गाव सोडून मामाकडं आलो. आता मी एकोणीसची हाय, बाजारात मायशेजारी बसते, हात दाबून माप सांगते. आणि बाजारात कुणी मायच्या मागून चालत आलं तर मी वळून बघते. ते छोटं काळं रिव्हॉल्वर तिच्या कनवटीला असतं तर, असं कधी कधी मनात येतं. मी ते तिला बोलून दाखवत नाही. तिला ते माझ्याआधी कळलेलं होतं, त्या दुकानात, पदराखाली हात असताना.

तर, घाट.

जीप थांबली तेव्हा काका खुर्चीवर बसला होता, पाय टेबलावर. उठून हसत आला. "या साहेब, चहा—" शिपायानं त्याचे हात धरले, फौजदार त्याच्या मागं गेले आणि शर्ट वर केला. उजव्या अंगाला, मायनं दाखवलं होतं तिथंच. पोरं हळूहळू टिप्परमागं सरकली.

"कुणाचं हाय हे?"

"वहिनीचं. घरचंच हाय साहेब." मग त्याला आम्ही जीपजवळ उभ्या दिसलो. "सांगा ना वहिनी ह्यांना! तुम्हीच तर म्हणलात, हे बसतंय. तुम्हीच तर शर्ट—"

माय पुढं गेली. पदर डोक्यावर सारखा केला. माझ्या बापासारख्याच हळू आवाजात बोलली.

"त्या दिवशी तुम्ही हाक मारली, भाऊजी. ते 'आलो रे' म्हणले आणि आले. मी भाकरी थापत होते."

काका काही बोलला नाही. बोलला असता, नाही म्हणला असता, ओरडला असता तर मला कदाचित शंका आली असती. पण तो नुसता बघत राहिला, आणि इतका वेळ शिपायाच्या हातातून ओढून धरलेले त्याचे दोन्ही हात खाली पडले. सैल. लुळे.

शिपायानं बेडी काढली आणि अडकवली. काकाची मनगटं तशी जाडच, पण गडबडीत नीट लागली नव्हती, वर-खाली सरकत होती.

मायनं वाकून बघितलं. सवयच ती.

"अजून एक घर दाबा, जी," ती शिपायाला म्हणली. "सैल बसलीय."